डिझेल घ्यायची तर रस्ता हवा

दादर (पश्चिम)

चि. भाच्यास,


तू पाठवलेले तिन्ही गाड्यांचे फोटो पाहिले. 2017 ची फोक्सवॅगन पोलो टीडीआय, 2016 ची दिल्ली पासिंगची ह्युंदाई एलिट आय-20 आणि 2021 ची टाटा अल्ट्रोझ. तिन्ही डिझेल, तिन्ही छोट्या गाड्यांमधल्या वरच्या वर्गातल्या, आणि फोटोंत तिन्ही नव्यासारख्या चकचकीत. जन्मभर मोटार विम्याचा सर्व्हेअर म्हणून काम केल्यामुळे चकाकीकडे माझं लक्ष शेवटी जातं. हे सगळं फोनवर सांगता आलं असतं, पण कागदावर लिहिलेलं तुझ्या खिशात राहील आणि विकणाऱ्यासमोर उभा असताना उघडून बघता येईल.

पहिला प्रश्न कोणती गाडी हा नाहीच, डिझेल का हा आहे. 30 डिसेंबर 1998 ला पुण्यात बनलेली टाटा इंडिका बाजारात आली आणि मध्यमवर्गाच्या घरात डिझेलची छोटी गाडी शिरली. पुढे स्विफ्टमध्ये फियाटचं 1.3 लिटरचं मल्टिजेट इंजिन आलं. तेच इंजिन पुण्याजवळच्या रांजणगावलाही तयार होऊन इतक्या गाड्यांत बसलं की जाणकार त्याला देशाचं राष्ट्रीय इंजिन म्हणू लागले. त्या काळी डिझेल घेण्याचं गणित सोपं होतं. 2012 साली पेट्रोल आणि डिझेलच्या दरात तीस रुपयांच्या आसपास फरक होता. सरकारने ऑक्टोबर 2014 मध्ये डिझेलचे दर पूर्ण मोकळे केले, आणि 2025 मध्ये मुंबईत पेट्रोल साधारण एकशे साडेतीन, डिझेल नव्वद असा हिशेब होता. फरक उरला साडेतेरा रुपये.

आता तुझं रनिंग घेऊ. पेट्रोलची गाडी शहर-हायवे मिळून 14 चं अ‍ॅव्हरेज देते आणि डिझेलची 18 चं, असं धर. किलोमीटरमागे पेट्रोलला सात रुपये चाळीस पैसे लागतात, डिझेलला पाच रुपये. म्हणजे दर किलोमीटरला दोन रुपये चाळीस पैसे वाचतात. वर्षाला पाच हजार किलोमीटर फिरलास तर बारा हजार वाचले. इंजेक्टर किंवा टर्बोचं एक काम निघालं की चार-पाच वर्षांची ही बचत एका बिलात जाते. पण तू आजीसाठी महिन्यातून दोनदा देवरुखला जातोस. जाऊन-येऊन साडेसहाशे किलोमीटर धरले, थोडं शहरातलं फिरणं धरलं, की वर्षाला अठरा हजार होतात आणि बचत त्रेचाळीस हजारांवर जाते. या हिशेबात डिझेलला जागा आहे. शिवाय घाट आहेत. पोलोच्या दीड लिटर इंजिनाला 230 न्यूटन मीटरचा जोर 1500 फेऱ्यांपासूनच मिळतो. परशुराम घाटात चार माणसं आणि आंब्याच्या पेट्या घेऊन चढताना गिअर खाली न आणता गाडी ओढते, ते या जोरामुळे.

ऑफिसला मात्र ही गाडी नेऊ नकोस. दादरहून लोअर परळला लोकलने दुसरं स्टेशन लागतं. प्रभादेवीचा एल्फिन्स्टन पूल सप्टेंबर 2025 मध्ये पाडण्यासाठी बंद झाल्यापासून टिळक पुलावर काय गर्दी होते, ते तू रोज बघतोस. डिझेल इंजिनला गरम व्हायला वेळ लागतो, आणि गरम होण्याआधीच बंद होणारं डिझेल इंजिन आतून काजळतं. रानडे रोडपर्यंत जायचं आणि परतायचं, हा डिझेल गाडीचा वापर नव्हे. तुझ्याजागी फक्त मुंबईत फिरणारा कोणी असता, तर त्याला मी पेट्रोल नाहीतर सीएनजी घ्यायला सांगून इथेच पत्र संपवलं असतं.

काजळीचा विषय निघालाच आहे तर तो पूर्ण करतो, कारण तुझ्या निवडीची मेख तिथेच आहे. 1 एप्रिल 2020 पासून देशात बीएस-6 हा प्रदूषणाचा नियम लागू झाला. तो पाळायला डिझेल गाड्यांना सायलेन्सरच्या वाटेवर काजळी अडवणारा फिल्टर बसवावा लागला, त्याला डीपीएफ म्हणतात. त्याचा खर्च छोट्या गाडीला झेपेना, म्हणून मारुतीने डिझेल सोडलं, पोलोचं डिझेल बंद झालं आणि रांजणगावच्या त्या मल्टिजेटचं उत्पादनही संपलं. आय-20 चं डिझेल 2023 पर्यंत टिकलं. त्यानंतर नवी डिझेल हॅचबॅक घ्यायची म्हटली तर अल्ट्रोझ एवढीच उरली.

डीपीएफमध्ये साठलेली काजळी जाळायला सायलेन्सर भरपूर तापावा लागतो. हायवेवर अर्धा-पाऊण तास एका वेगाने गाडी चालली की ते काम आपोआप होतं. गल्लीबोळात फिरणाऱ्या गाडीत ते अर्धवट राहतं, डॅशबोर्डवर दिवा लागतो, आणि लोक तो दिवा लागलेलाच ठेवून गाडी चालवतात. शेवटी फिल्टर तुंबतो आणि नव्या फिल्टरचा आकडा ऐकून मालक गाडी विकायला काढतो. म्हणून 2021 च्या अल्ट्रोझच्या मालकाला पहिला प्रश्न हा विचार की गाडी कुठे चालली. नाशिक-पुणे करणाऱ्याची गाडी असेल तर जास्त किलोमीटर झालेले बघून घाबरू नकोस. परळमध्ये मुलांना शाळेत सोडणाऱ्याची कमी किलोमीटरची गाडी जास्त धोक्याची. पेट्रोलमध्ये कमी चाललेली गाडी चांगली समजतात, डिझेलमध्ये ते उलटंही असू शकतं. हा एवढा फरक लक्षात ठेवलास तरी पत्र लिहिल्याचं सार्थक होईल.

काही गॅरेजवाले म्हणतील, डीपीएफ काढून टाकू, प्रदूषण कमी करणारी ईजीआर यंत्रणा बंद करू, सॉफ्टवेअर बदलून पिकअप वाढवू. पोलो टीडीआयच्या हौशी मालकांमध्ये हे रीमॅपिंग फार चालतं. असं काही केलेली गाडी घेऊ नकोस आणि घेतलेल्या गाडीत करूही नकोस. वाढवलेला जोर क्लच आणि टर्बोने सोसायचा असतो, त्यासाठी त्यांची मूळची घडण नसते. त्याहून मोठी गोष्ट अशी की जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने जून 2012 मध्ये डिझेलच्या धुराला माणसात कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं. आपल्या गल्लीतली पोरं त्या सायलेन्सरच्या धुरातूनच चालत शाळेत जातात. चार पैसे वाचवायला त्यांच्या छातीत काजळी भरायचा अधिकार आपल्याला नाही.

फोक्सवॅगनची गोष्ट तू ऐकली असशीलच. सप्टेंबर 2015 मध्ये अमेरिकेत त्यांची प्रदूषण चाचणीतली लबाडी उघड झाली. आपल्याकडे पुण्याच्या एआरएआय या वाहन-चाचणी संस्थेने चाचण्या घेतल्या आणि डिसेंबर 2015 मध्ये कंपनीने भारतातल्या सव्वातीन लाखांच्या आसपास डिझेल गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलावल्या. तू बघतोयस ती 2017 ची आहे, ती त्या परत बोलावलेल्या गाड्यांच्या नंतरची. पण उद्या कोणी 2014 किंवा 2015 ची स्वस्तात दाखवली, तर हे काम झाल्याची नोंद आधी माग.

दिल्ली पासिंगच्या आय-20 बद्दल थोडक्यात सांगतो, कारण ती मला नकोच आहे. दिल्ली परिसरात दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर हरित लवादाने 2015 मध्ये बंदी घातली आणि सर्वोच्च न्यायालयाने 29 ऑक्टोबर 2018 ला ती उचलून धरली. तेव्हापासून दहाव्या वर्षाच्या अलीकडे-पलीकडे असलेल्या तिथल्या गाड्या मुंबई-पुण्याकडे स्वस्तात येऊ लागल्या. गाडी वाईट असेलच असं नाही, 1.4 लिटरचं ते इंजिन गुणी आहे. पण तिथली एनओसी, इथला एकरकमी कर, नवा नंबर आणि तिथे भरलेल्या कराच्या परताव्याचा पाठपुरावा, हे सगळं बेरजेत धरलंस की स्वस्तपणा उरत नाही. शिवाय तिचा आधीचा मालक, तिचा अपघात, तिची सर्व्हिसिंग यांची चौकशी करायला तू दिल्लीला जाणार नाहीस. एमएच-01 ची गाडी असली तर निदान मालकाच्या बिल्डिंगच्या वॉचमनला विचारता येतं. मी तसं विचारत आलो आहे, आणि वॉचमनने सांगितलेलं बहुतेक वेळा खरं निघतं.

आता पाणी. या शहरात जुनी गाडी घेणाऱ्याने सर्वांत जास्त भिण्याची गोष्ट हीच. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 944 मिलिमीटर पाऊस पडला. त्यानंतर कित्येक महिने मी दुसरं काही पाहिलं नाही, फक्त बुडालेल्या गाड्या. हिंदमाता, किंग्ज सर्कल, गांधी मार्केट ही नावं माझ्या वहीत पानोपानी होती. आता प्रमोद महाजन पार्क आणि परळच्या सेंट झेवियर्स मैदानाखाली पाणी साठवायच्या टाक्या झाल्या आहेत, हिंदमाताची अवस्था पूर्वीइतकी वाईट राहिली नाही, हे मान्य. पण 29 ऑगस्ट 2017 चा मुंबईतला पाऊस आणि 22 जुलै 2021 चा चिपळूणचा पूर यांत बुडालेल्या गाड्या काही हवेत विरल्या नाहीत. धुतल्या, वाळवल्या, सीट कव्हर बदललं आणि विकल्या गेल्या.

डिझेल इंजिन हवा प्रचंड दाबून चालतं. हवेच्या वाटेने पाणी आत गेलं तर ते दाबलं जात नाही, आणि सिलिंडरमधला कनेक्टिंग रॉड वाकतो. पुष्कळदा पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा स्टार्टर मारल्यामुळेच मरते. साध्या विम्यात हे नुकसान भरून मिळत नाही, इंजिन प्रोटेक्शनचं वेगळं कलम घेतलेलं असावं लागतं. त्यामुळे मालक कमीत कमी खर्चात गाडी चालू करून विकायच्या मागे लागतो.

बुडालेली गाडी ओळखायची असेल तर स्वच्छ दिसणाऱ्या जागा सोड आणि कोणी हात घालत नाही तिथे हात घाल. सीट बेल्ट शेवटपर्यंत बाहेर ओढ. वरचा भाग रोज वापरात असतो, पण आत गुंडाळलेल्या शेवटच्या वीतभर पट्ट्यावर गढूळ पाण्याची रेघ तशीच राहते. सीटखालची लोखंडी पट्टी गंजली आहे का, डिकीतली स्टेपनी काढल्यावर खालच्या खड्ड्यात बारीक गाळ आहे का, हेडलाइटच्या काचेत आतून डाग आहे का, ते बघ. कार्पेटचा कोपरा उचलून वायरिंगच्या जोडांवर हिरवट गंज शोध. काचा बंद करून पाच मिनिटं एसी लाव आणि नाकाने श्वास घे. परफ्यूमची बाटली लटकत असली तर ती आधी बाहेर ठेवायला सांग.

गाडी थंड असताना बघायची, हे विसरू नकोस. आपण पोचायच्या आधीच मालकाने ती चालू करून ठेवली असेल, बॉनेटला हात लावल्यावर ऊब लागली, तर पुन्हा दुसऱ्या दिवशी जायचं. थंड डिझेल इंजिन पहिल्या चावीला सुरू व्हायला हवं. सुरुवातीचा थोडा पांढरा धूर चालतो, तो थांबलाच नाही तर इंजेक्टर किंवा पाण्याची गळती. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय, पुढे बोलूच नकोस. इंजिन चालू असताना ऑइलचं झाकण सैल कर. तिथून धुराचे भपकारे येत असतील तर पिस्टनची झीज झाली आहे. ऑइल काळं दिसलं म्हणून नाराज होऊ नकोस, डिझेलमध्ये ते लगेच काळं होतं.

चालवून बघायला पहाटे ये, टिळक पूल रिकामा असतो. पुलाच्या चढावर तिसऱ्या गिअरमध्ये हळू वेगातून अ‍ॅक्सिलरेटर दाब. फेऱ्या वाढल्या आणि गाडी त्या मानाने पुढे गेली नाही, तर क्लच प्लेट घसरते आहे. मग वडाळ्याहून ईस्टर्न फ्रीवेवर घे आणि ऐंशीच्या वेगात चवथ्या-पाचव्या गिअरमध्ये टर्बो ऐक. मंद शीळ असते, ती चालेल. सायरनसारखा चढता आवाज आला किंवा काळ्या धुराचा लोट मागे दिसला तर नको. परत आल्यावर आपल्या मेकॅनिककडे स्कॅनर लावून घे, आणि इंजेक्टरची लीक-ऑफ टेस्ट करायला सांग. थोडे पैसे जातील, पण गाडीच्या महागड्या भागांपैकी तो एक आहे.

मीटरवर विश्वास ठेवू नकोस, मागे फिरवलेले मीटर मी ढिगाने पाहिले. अधिकृत सर्व्हिस सेंटरच्या नोंदी माग, तिथे प्रत्येक भेटीचे किलोमीटर लिहिलेले असतात. टायरच्या कडेला चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष. 2021 ची गाडी वीस हजार चाललेली सांगतात आणि टायर 2024 चे आहेत, तर मधल्या काळातल्या चालण्याचा जाब विचारायलाच हवा. पोलोच्या बाबतीत टायमिंग बेल्ट कधी बदलला हेही विचार. स्विफ्टच्या मल्टिजेटमध्ये साखळी असते, पोलोच्या इंजिनात बेल्ट, आणि तो तुटला तर इंजिनाचं अतोनात नुकसान होतं.

कागदांच्या बाबतीत तू घाई करशील अशी मला भीती वाटते, म्हणून इथे जरा कडक लिहितो. एमपरिवहन अ‍ॅपवर नंबर टाकून मालक कितवा, बँकेचा बोजा आहे का, विमा आणि पीयूसी चालू आहेत का, हे आधी बघ. महाट्रॅफिक अ‍ॅपवर थकलेली चलनं बघ. कर्ज फिटलं असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म 35 हातात हवा, 'देतो नंतर' चालणार नाही. गाडी 1 एप्रिल 2019 च्या आधीची असेल तर हाय सिक्युरिटी नंबर प्लेट बसवली आहे ना, तेही पाहा. मग फॉर्म 29 आणि 30 वर सह्या आणि ताडदेव आरटीओत नाव बदलाचा अर्ज. मोटार वाहन कायद्यात विकणाऱ्याला राज्यातल्या राज्यात कळवायला 14 दिवस आणि घेणाऱ्याला 30 दिवस दिले आहेत. विकणारा सज्जन असला तर तोच तुझ्यामागे लागेल, कारण 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात सांगितलं आहे की आरटीओच्या नोंदीत ज्याचं नाव, अपघाताच्या भरपाईची जबाबदारी त्याची. व्यापाऱ्याकडून घेणार असशील तर त्याच्याकडे आरटीओचं अधिकारपत्र आहे का ते विचार, एप्रिल 2023 पासून ते लागतं. विमा पहिल्या 14 दिवसांत स्वतःच्या नावावर कर. जुन्या मालकाचा नो-क्लेम बोनस त्याचा असतो, गाडीचा नसतो. ती सवलत तशीच चालू ठेवून विमा घेतलास तर दाव्याच्या वेळी तोंडघशी पडशील.

उरल्या दोन, पोलो आणि अल्ट्रोझ. पोलो चाकणला बनली, दरवाजा बंद होताना तिचा जो भरीव आवाज येतो त्यावर तुझ्या वयाची मुलं भाळतात, आणि चालवायला ती खरोखर उत्तम आहे. दोन एअरबॅगच्या पोलोला ग्लोबल एनकॅपच्या 2014 च्या धडक चाचणीत प्रौढांच्या सुरक्षेसाठी चार तारे मिळाले होते. अल्ट्रोझला जानेवारी 2020 मध्ये पाच मिळाले. मुंबई-गोवा रस्ता कशेडीच्या बोगद्यानंतर सुधारला तरी रात्री समोरून येणारे ट्रक तेच आहेत. मी अपघात झालेल्या गाड्यांच्या आत डोकावून आयुष्य काढलं आहे, म्हणून मला या पाचव्या ताऱ्याची किंमत गाडीच्या पिकअपपेक्षा जास्त वाटते.

दुसरं कारण पुढच्या वर्षांचं आहे. जानेवारी 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने शहराच्या हवेवरून सरकारला धारेवर धरलं, आणि पेट्रोल-डिझेलच्या गाड्या टप्प्याटप्प्याने बंद करता येतील का हे बघायला राज्याने समिती नेमली. उद्या बंधन आलंच तर ते आधी जुन्या बीएस-4 डिझेलवर येईल, हे दिल्लीच्या अनुभवावरून कळतं. पोलोची नोंदणी 2032 पर्यंत आहे, अल्ट्रोझची 2036 पर्यंत. आणि काजळी अडवणारा फिल्टर अल्ट्रोझमध्ये आहे. तू दर पंधरवड्याला हायवेवर जातोस, म्हणजे तो फिल्टर साफ राहण्याची सोय तुझ्या आजीनेच करून ठेवली आहे.

किंमत जास्त पडेल, कर्जाचा हप्ता वाढेल, हे मला माहीत आहे. जुन्या गाडीच्या कर्जाचा व्याजदर नव्यापेक्षा जास्त असतो, तेव्हा निदान निम्मी रक्कम स्वतःची घाल. गाडीच्या किमतीच्या वर चाळीस-पन्नास हजार पहिल्या वर्षीच्या टायर, बॅटरी, ऑइल, फिल्टरसाठी बाजूला ठेव. रात्री रस्त्यावर उभ्या राहणाऱ्या गाडीची वायरिंग आपल्या गल्लीतले उंदीर कुरतडतात, म्हणून आठवड्यातून एकदा तरी बॉनेट उघडायची सवय लाव.

माझं मत स्पष्ट आहे: अल्ट्रोझ घे, फक्त ती शहरात रांगलेली नसावी. तशी नाही मिळाली तर एमएच पासिंगची, रीमॅप न केलेली, पूर्ण नोंदी असलेली पोलो. आय-20 च्या माणसाला आजच नाही सांगून टाक. अल्ट्रोझच्या मालकाकडून सर्व्हिस सेंटरच्या नोंदी मागवून मला पाठव, आणि त्या आल्याशिवाय एक रुपयाही टोकन देऊ नकोस. रविवारी सकाळी साडेसहाची वेळ घे, गाडी चालू करून ठेवू नका असं मालकाला आधीच सांग. मी टॉर्च घेऊन येतो.

ताईला नमस्कार.

तुझा,
मामा